लोर्काच्या नाटकातला पहिला आणि शेवटचा शब्द

'बेर्नार्दा आल्बाचे घर' या नाटकात बेर्नार्दा रंगमंचावर येते तेव्हा तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'सिलेन्सियो', म्हणजे 'गप्प!'. दुसऱ्या नवऱ्याचे अंत्यविधी उरकून घरी परतलेली ही साठ वर्षांची बाई रडणाऱ्या मोलकरणीला हा हुकूम सोडते. पुढे तीन अंक सरतात, पाच मुलींपैकी सर्वांत धाकटीने गळफास लावून घेतलेला असतो, आणि पडदा पडण्यापूर्वी बेर्नार्दा जो अखेरचा शब्द उच्चारते तोही हाच असतो. स्पॅनिश कवी-नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्काने हे नाटक १९ जून १९३६ रोजी लिहून पूर्ण केले. त्यानंतर दोन महिन्यांनी ग्रानादा शहराबाहेर त्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि पुढे बरीच वर्षे त्याच्याच देशात त्याच्या नावालाही हाच हुकूम लागू राहिला.

आपल्याकडे काही जणांची लोर्काशी पहिली भेट आडवाटेने झालेली असते. गोविंद निहलानी यांचा १९९१ मधला 'रुक्मावती की हवेली' हा हिंदी चित्रपट याच नाटकावर आधारलेला आहे, आणि जयदेव हट्टंगडी यांनी बसवलेले, रोहिणी हट्टंगडी यांची भूमिका असलेले 'चांगुणा' हे मराठी नाटक लोर्काच्या 'येर्मा'वर बेतलेले होते. मात्र ज्याच्या कृती इतक्या सहज दुसऱ्या मातीत रुजतात, त्या लेखकाच्या मूळ मातीकडे आपण क्वचितच पाहतो. त्याच्याविषयी बोलताना बहुतेक वेळा त्याच्या मृत्यूपासून सुरुवात होते आणि तिथेच बोलणे संपते. मला वाटते, लोर्का समजून घ्यायचा तर त्याने आयुष्यभर कोणाचे आवाज ऐकले आणि ते कुठून आणले, इथून सुरुवात करावी लागते.

प्रथम नावाचा उलगडा करतो. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे. गार्सिया हे आडनाव तिथे घरोघरी आढळते, त्यामुळे जगाने या कवीला त्याच्या आईच्या आडनावाने ओळखले. त्याचा जन्म ५ जून १८९८ रोजी ग्रानादाच्या पश्चिमेला असलेल्या फुएन्ते वाकेरोस या गावी झाला. ज्या वर्षी स्पेनने क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपिन्स या आपल्या अखेरच्या मोठ्या वसाहती गमावल्या, ते हेच वर्ष. क्यूबाची साखर हातची गेल्यावर देशातच बिटापासून साखर काढण्याला जोर आला आणि ग्रानादाभोवतीच्या पाटपाण्याच्या सुपीक सखल प्रदेशातले जमीनदार सधन झाले. लोर्काचे वडील त्यांच्यापैकीच एक. आई विसेन्ता लोर्का ही लग्नापूर्वी शाळेत शिकवत असे. मुलाला पैशाची चिंता कधी करावी लागली नाही, आणि त्याचे पहिले पुस्तकही १९१८ मध्ये वडिलांच्याच खर्चाने छापले गेले.

घरातली श्रीमंती वडिलांची असली तरी त्या घरातली गाणी मोलकरणींची होती. ही गोष्ट लोर्का स्वतः कधी विसरला नाही. १९२८ मध्ये त्याने अंगाईगीतांवर एक व्याख्यान दिले. स्पेनमधल्या अंगाया इतक्या उदास का, त्यांत बाळाला भीती घालणारे आणि आईचे दुःख सांगणारे शब्द इतके का येतात, असा प्रश्न त्याने त्यात विचारला होता. त्याचे उत्तर असे की या अंगाया गरीब बायकांनी रचलेल्या आहेत. त्यांना मूल म्हणजे आनंदाबरोबर ओझेही वाटत असते, आणि ते ओझे त्या गाण्यातूनच बोलून दाखवतात. श्रीमंतांच्या मुलांपर्यंत जुनी कवने, कथा आणि गाणी पोहोचतात तीही दाया आणि मोलकरणी यांच्यामार्फतच, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून बेर्नार्दा ज्या मोलकरणीला गप्प करते, तिच्या जातकुळीतल्या बायकांनीच या कवीला भाषा दिली होती, हे ध्यानात ठेवून ते नाटक वाचावे.

लोर्काला खरे तर संगीतकार व्हायचे होते. तो उत्तम पियानो वाजवत असे. त्याचे वृद्ध शिक्षक आन्तोनियो सेगुरा १९१६ मध्ये वारले आणि संगीतासाठी पॅरिसला जाण्याची परवानगी घरून मिळाली नाही, तेव्हा तो लेखनाकडे वळला. १९१९ पासून माद्रिदमधील विद्यार्थी निवासात त्याचा मुक्काम सुरू झाला. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावाजलेला लुइस बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली हे त्याला तिथेच भेटले. १९२० मध्ये त्याचे पहिले नाटक रंगमंचावर आले. फुलपाखराच्या प्रेमात पडलेल्या झुरळाची ती काव्यमय कथा माद्रिदच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा करून हाणून पाडली. पण विशीतल्या लोर्काला ज्याची ओढ होती ती दिसते या अपयशातच: ज्याच्याकडे कोणी पाहत नाही अशा जिवाची अशक्य इच्छा.

आता 'कान्ते होन्दो'. शब्दशः अर्थ 'खोल गाणे'. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातील फ्लामेन्को संगीताचा हा सर्वांत जुना आणि गंभीर थर मानला जातो. त्यात गायक तालाच्या बंधनातून बराचसा मोकळा राहून एखाद्या आर्त हाकेने सुरुवात करतो, एकाच स्वराभोवती घोटाळत राहतो, आणि तीन-चार ओळींच्या पदात प्रेम, तुरुंग, आईचा मृत्यू असे विषय येतात. १९२० च्या सुमारास शहरी करमणुकीच्या कॅफेंमधून या गाण्याचे सवंग रूप पसरले होते. संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण लोर्का यांनी पुढाकार घेऊन जून १९२२ मध्ये ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्याच्या प्रांगणात खोल गाण्याची स्पर्धा भरवली. व्यावसायिक गायकांना तिच्यात मज्जाव होता. खेड्यापाड्यांतून ज्यांनी हे गाणे कानांत जपले होते त्यांना बोलावणे हाच हेतू होता. बक्षीस मिळाले ते एका वृद्ध गायकाला आणि एका लहान मुलाला. याच सुमारास लोर्काने 'खोल गाण्याची कविता' हा संग्रह लिहिला, जो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे गाणे जपणाऱ्यांत स्पेनमधले हितानो, म्हणजे तिथले रोमा लोक, आघाडीवर होते. या लोकांचे पूर्वज भारतातून निघाले आणि अनेक शतकांच्या भटकंतीनंतर पंधराव्या शतकात स्पेनला पोहोचले. रोमा लोकांच्या मूळ भाषेत दोनला 'दुय', पाचाला 'पांज' आणि दहाला 'देश' म्हणतात, एवढे सांगितले तरी मराठी कानाला नाते उमगेल. स्पेनमध्ये त्यांच्या भाषेवर, पोशाखावर आणि भटकण्यावर बंदी घालणारे कायदे वेळोवेळी झाले. लोर्का स्वतः हितानो नव्हता, आणि लोकांनी आपल्याला 'हितानो कवी' असे लेबल लावावे याचा त्याला त्रास होत असे. हितानो हा आपल्या कवितेचा एक विषय आहे, त्याहून अधिक काही नाही, असे तो मित्राला लिहिलेल्या पत्रात बजावतो.

तरीही त्याला अमाप लोकप्रियता मिळाली ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रोमान्सेरो हितानो' या अठरा कवितांच्या संग्रहामुळेच. त्याची जादू कळण्यासाठी 'रोमान्स' हा स्पॅनिश पद्यप्रकार समजून घ्यायला हवा. इथे रोमान्सचा प्रेमकथेशी संबंध नाही. मध्ययुगापासून लोकांच्या तोंडी असलेली ही कथनपर कवने आहेत. प्रत्येक ओळ आठ अक्षरांची असते आणि फक्त सम ओळींची, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा ओळींची यमके जुळतात. हे यमक आपल्या यमकासारखे पूर्ण नसते. व्यंजने वेगळी असली तरी चालतात, शेवटचे स्वर तेवढे जुळावे लागतात. लोर्काच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेत 'रामास', 'मोन्तान्या', 'बारान्दा', 'प्लाता' हे शब्द अशा ओळींच्या शेवटी येतात. फांद्या, डोंगर, कठडा आणि चांदी हे त्यांचे अर्थ. व्यंजने सारी निराळी, पण प्रत्येकाच्या शेवटी 'आ-आ' हे दोन स्वर. त्यामुळे कानाला यमक ऐकू येते आणि येतही नाही, आणि कविता झोपेत चालल्यासारखी पुढे सरकते. त्या कवितेचे नावच 'निद्राचराचा रोमान्स' असे आहे.

तिची पहिली ओळ 'वेर्दे के ते क्येरो वेर्दे' अशी आहे. 'हिरव्या, तू मला हिरवाच हवास' असे काहीसे मराठीत म्हणता येईल, पण मूळ ओळीतली मागणी आणि मंत्र यांच्या मधली अवस्था त्यात उतरत नाही. कवितेत घडते एवढेच: रक्तबंबाळ झालेला एक तरुण रात्री एका घरी येतो, आपला घोडा देऊन त्या बदल्यात ते घर मागतो, म्हणजे निदान बिछान्यावर सुखाने मरता येईल, त्या घरातली मुलगी कठड्याशी त्याची वाट पाहत उभी होती, पण आता ती पाण्याच्या टाक्यावर तरंगते आहे, आणि दारूच्या नशेतले सिव्हिल गार्ड, म्हणजे तिथले सशस्त्र पोलीस, दार ठोठावत आहेत. तिचे अंग हिरवे, केस हिरवे, डोळे थंड चांदीचे. हिरवा रंग इथे पालवीचा आहे, वासनेचा आहे, आणि शेवाळाचाही आहे. वाचक बरेचदा विचारतात की या हिरव्याचा 'खरा' अर्थ कोणता. माझ्या मते या कवितेला तो प्रश्न विचारूच नये. जिवंत देह आणि कुजणारा देह एकाच रंगाने दाखवले आहेत, यातच तिचा धसका आहे.

याच संग्रहातल्या दुसऱ्या एका कवितेत सिव्हिल गार्ड हितानो लोकांचे सणाने सजलेले शहर उद्ध्वस्त करतात. या पोलिसांच्या कवट्या शिशाच्या आहेत म्हणून ते रडत नाहीत, असे लोर्का तिथे लिहितो. स्पेनच्या ग्रामीण भागात ज्या दलाचा दरारा होता त्याच्याविषयी अशी ओळ लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती.

लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच तो आतून खचला होता. दालीने पत्र लिहून त्याच्या या कविता जुन्या वळणाच्या ठरवल्या, एका शिल्पकार मित्रावरचे त्याचे प्रेम तुटले, आणि पुरुषांवरचे प्रेम उघडपणे सांगता येणार नाही अशा समाजात तो देशभर ओळखला जाणारा माणूस झाला होता. जून १९२९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, कोलंबिया विद्यापीठात राहिला, इंग्रजी जवळपास शिकलाच नाही, आणि ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळताना त्याने पाहिला. 'न्यूयॉर्कमधला कवी' या संग्रहात रोमान्सची लय नाही. लांब, मुक्त, एकमेकांवर आदळणाऱ्या प्रतिमा आहेत. हार्लेममधले कृष्णवर्णीय लोक त्याला हितानो लोकांचे भाऊबंद वाटले. एका कवितेत तो शहरात रोज मारल्या जाणाऱ्या बदकांचे, डुकरांचे, गाईंचे आकडे लाखांत मोजतो आणि हिशेबाच्या गुणाकारांखाली बदकाच्या रक्ताचा थेंब दाखवतो. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४० मध्ये, स्पेनबाहेर प्रसिद्ध झाले.

तिथून क्यूबामार्गे तो परतला आणि १९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने शिक्षणावर भर दिला, आणि त्या धोरणातून १९३२ मध्ये 'ला बार्राका' हे विद्यार्थ्यांचे फिरते नाटकमंडळ उभे राहिले. लोर्का त्याचा दिग्दर्शक होता. निळे कामगारी झगे घातलेली मुले-मुली ट्रकमध्ये रंगमंचाचे सामान भरून गावोगाव जात आणि सेर्वान्तेस, लोपे दे वेगा, काल्देरोन यांची सोळाव्या-सतराव्या शतकांतली नाटके चौकात करत. लोर्का यातून नाटककार म्हणून घडला. शहरी प्रेक्षक कुठे खोकतात आणि शेतकरी कुठे श्वास रोखून ऐकतात, हे त्याला आता अनुभवाने माहीत झाले होते.

त्याच्या तीन ग्रामीण शोकात्मिका याच काळातल्या. पहिली 'बोदास दे सांग्रे', म्हणजे 'रक्ताचे लग्न', ८ मार्च १९३३ रोजी माद्रिदमध्ये रंगमंचावर आली. तिचे बीज वर्तमानपत्रातल्या एका बातमीत होते. जुलै १९२८ मध्ये आल्मेरिया प्रांतातल्या निहार गावाजवळ एक वधू लग्नाच्या आदल्या रात्री आपल्या चुलतभावाबरोबर पळून गेली आणि नवऱ्या मुलाच्या भावाने त्या तरुणाला ठार केले. लोर्काने या घटनेतली नावे काढून टाकली. नाटकातल्या पात्रांना आई, वर, वधू, सासू अशीच नावे आहेत, आणि पळवून नेणारा लेओनार्दो तेवढा नावानिशी उभा आहे. घराणी, जमिनी, पाण्याचे हक्क, जुनी वैरे यांच्या जाळ्यात प्रत्येक जण नात्याने ओळखला जातो. जो ते जाळे फाडतो त्यालाच स्वतःचे नाव मिळते. मुलगा द्राक्षे कापायला चाकू मागतो आणि आई चाकूंना शिव्याशाप देते, अशा अगदी घरगुती बोलण्याने नाटक सुरू होते. तिसऱ्या अंकात मात्र जंगल येते, चंद्र तरुण लाकूडतोड्याच्या रूपात येतो, मृत्यू भिकारणीच्या रूपात येतो आणि गद्याची जागा पद्य घेते. बातमीतला एक खून नाटकात दोन होतात, कारण इथे दोघेही पुरुष एकमेकांना मारतात आणि मागे बायकाच उरतात.

या नाटकाने ब्वेनोस आयरेसमध्ये प्रचंड यश मिळवले आणि लोर्का पहिल्यांदा स्वतःच्या कमाईवर उभा राहिला. ऑक्टोबर १९३३ मध्ये त्याच शहरात त्याने 'दुएन्दे'वरचे प्रसिद्ध व्याख्यान दिले. लोर्काविषयी लिहिणारे हा शब्द फार सैल वापरतात, म्हणून जरा थांबून पाहू. स्पॅनिश लोककथांमध्ये दुएन्दे म्हणजे घरात वावरणारे, खोड्या काढणारे लहानसे भूत. आंदालुसियात मात्र एखाद्या गायकाच्या गाण्याने काळीज हलले की 'याच्यात दुएन्दे आहे' असे म्हणत. लोर्का कलेच्या तीन प्रेरणा सांगतो. देवदूत वरून प्रकाश टाकतो, काव्यदेवता बुद्धीला आकार सुचवते, आणि या दोन्ही बाहेरून येतात. दुएन्दे मात्र माणसाला आपल्या रक्ताच्या अगदी आतल्या खोलीतून जागा करावा लागतो. तो गळ्यात नसतो, तळपायापासून वर चढतो, असे एका जुन्या वादकाचे म्हणणे त्याने उद्धृत केले आहे. आपल्याकडचा 'अंगात येणे' हा शब्दप्रयोग जवळचा वाटेल, पण अंगात येते ते बाहेरचे असते आणि माणूस त्याच्या स्वाधीन होतो; दुएन्देशी कलावंताला झुंजावे लागते.

व्याख्यानात तो एक प्रसंग सांगतो. थोर गायिका पास्तोरा पावोन कादिसमधल्या एका दारूच्या गुत्त्यात गात होती. सूर अचूक, आवाज हवा तसा वळणारा, पण श्रोते थंड. एका ठेंगण्या माणसाने 'पॅरिसचा विजय असो' असा टोमणा मारला, म्हणजे इथे कसब पुष्कळ, पण ते आम्हाला नको. ती वेड्यासारखी उठली, कडक दारूचा पेला एका घोटात रिचवला आणि आवाज नाही, दम नाही, जळालेला घसा, अशा अवस्थेत गाऊ लागली. आपले कौशल्य, आपली सुरक्षितता तिला दूर सारावी लागली, तेव्हा कुठे दुएन्दे आला. मृत्यूची शक्यता दिसत नसेल तर तो येत नाही, आणि वादळातल्या लाटांप्रमाणे तो कधी स्वतःची पुनरावृत्ती करत नाही, असे लोर्का म्हणतो.

या विचाराची कवितेतली कसोटी दुसऱ्याच वर्षी आली. ऑगस्ट १९३४ मध्ये त्याचा मित्र, बैलझुंजीतला नामांकित योद्धा इग्नासियो सान्चेस मेहियास, मान्सानारेस येथील रिंगणात बैलाच्या शिंगाने जखमी झाला आणि दोन दिवसांनी माद्रिदमध्ये वारला. त्याच्यावरच्या विलापिकेच्या पहिल्या भागात 'संध्याकाळी पाच वाजता' ही ओळ घंटेसारखी पुनःपुन्हा पडते. पांढरी चादर आणणारा मुलगा, चुन्याची टोपली, जखमेत अंडी घालणारा मृत्यू, सगळे पाच वाजताच. शेवटच्या भागात आवाज खाली येतो आणि कवी मित्राला सांगतो की आता तुला बैल ओळखत नाही, अंजिराचे झाड ओळखत नाही, कारण तू कायमचा मेला आहेस. स्वर्गाचे आश्वासन नाही, स्मारकाची भाषा नाही. शोकगीतांत इतका प्रामाणिकपणा मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस मार्गारिता शिर्गू या अभिनेत्रीने 'येर्मा' रंगमंचावर आणले. येर्मा हे त्या स्त्रीचे नाव 'पडीक, ओसाड जमीन' या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. तिला मूल हवे आहे, नवऱ्याला शेत आणि शांतता पुरेशी आहे. ती दुसऱ्या पुरुषाकडे जाऊ शकते, तसे सुचवणारे लोकही तिला भेटतात, पण आपली अब्रू ती सोडत नाही. शेवटी नवरा स्पष्ट सांगतो की मूल त्याला कधी नकोच होते, तेव्हा ती त्याचा गळा आवळते आणि आपणच आपल्या मुलाला मारल्याचे ओरडून सांगते. पहिल्या प्रयोगात उजव्या गटांच्या लोकांनी गोंधळ घातला आणि त्यांच्या वर्तमानपत्रांनी नाटकाला अनैतिक ठरवले. गावातल्या बाईने आपल्या शरीराविषयी मोठ्याने बोलावे, हेच त्यांना सोसले नव्हते.

मधल्या काळात लिहिलेल्या 'तामारितचा दिवाण' या संग्रहाचा उल्लेख मराठी गझलप्रेमींसाठी करायला हवा. ग्रानादात १४९२ पर्यंत अरबी राजवट होती आणि त्या काळातल्या अरबी कवितेचे स्पॅनिश अनुवाद १९३० मध्ये प्रसिद्ध झाले होते. लोर्काने आपल्या कवितांना 'गझल' आणि 'कसीदा' अशी नावे दिली. काफिया-रदीफ शोधणाऱ्याची मात्र निराशा होईल, कारण त्याने आकृतिबंध घेतला नाही. ज्या संस्कृतीला त्याच्या शहरातून हाकलून दिले होते, तिचे नाव त्याने परत आणले.

याच भावनेतून जून १९३६ मध्ये, माद्रिदच्या एका दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत, ग्रानादाचा १४९२ मधला ख्रिस्ती विजय ही वाईट घटना होती आणि स्पेनमधला सर्वांत वाईट मध्यमवर्ग आज त्या शहरात वळवळतो आहे, असे तो बोलून गेला. तो कुठल्या पक्षाचा सभासद नव्हता, पण फॅसिझमविरोधी पत्रकांवर त्याच्या सह्या होत्या आणि गरिबांची बाजू तो उघड घेत असे. याच महिन्यात 'बेर्नार्दा आल्बाचे घर' लिहून झाले. त्यात कवितेची सजावट त्याने कटाक्षाने टाळली. हे तीन अंक म्हणजे छायाचित्रांतून केलेली नोंद आहे, असे तो संहितेच्या आरंभी बजावतो. बेर्नार्दा आठ वर्षांचे सुतक जाहीर करते: दारे-खिडक्या विटांनी बुजवल्या आहेत असे समजायचे, रस्त्यावरचा वाराही आत येता कामा नये. वीस ते एकोणचाळीस वर्षे वयाच्या पाच मुली आत कोंडलेल्या. पैशासाठी थोरलीशी लग्न ठरवणारा आणि रात्री धाकटीला भेटणारा पेपे एल रोमानो रंगमंचावर एकदाही येत नाही. काळ्या कपड्यांच्या त्या घरात धाकटी आदेला हिरवा झगा घालते, आणि रोमान्समधला तो हिरवा रंग वाचकाला पुन्हा भेटतो. शेवटी ती आईची काठी हिसकून मोडते. थोड्याच वेळात पेपे मारला गेला असे समजून ती फास घेते, आणि बेर्नार्दा घोषित करते की माझी मुलगी कुमारी म्हणून मेली, हेच सर्वांनी सांगायचे. मृत्यूपेक्षा मृत्यूची गावाला सांगायची हकीगत तिला महत्त्वाची वाटते.

१३ जुलै १९३६ रोजी लोर्का माद्रिद सोडून ग्रानादाला आपल्या घरच्यांकडे निघाला. आठवडाभरात प्रजासत्ताकाविरुद्ध लष्करी उठाव झाला आणि २० तारखेला शहर बंडखोरांच्या ताब्यात गेले. त्याच्या बहिणीचा नवरा नुकताच ग्रानादाचा महापौर झाला होता; त्याला १६ ऑगस्ट रोजी गोळ्या घालण्यात आल्या. लोर्का तेव्हा लुइस रोसालेस या कवीच्या घरी लपला होता. रोसालेसचे भाऊ बंडखोरांच्या बाजूच्या फालान्हे या फॅसिस्ट पक्षातले होते, म्हणून ते घर सुरक्षित वाटले होते. त्याच दिवशी दुपारी तिथूनच त्याला पकडून नेले. नंतर दोन-तीन दिवसांतच विस्नार आणि आल्फाकार या गावांच्या मध्ये, एक शाळामास्तर आणि बैलझुंजीतले दोन साहाय्यक यांच्यासोबत, त्याला ठार मारण्यात आले. तो अडतीस वर्षांचा होता.

१९४० मध्ये जो मृत्यूचा दाखला देण्यात आला त्यात 'युद्धातील घटनेमुळे झालेल्या जखमांनी' मृत्यू झाल्याची नोंद आहे. बेर्नार्दाने सांगितलेल्या हकीगतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिच्या घराचा पहिला प्रयोगही स्पेनमध्ये होऊ शकला नाही. तो ८ मार्च १९४५ रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये मार्गारिता शिर्गूने केला. स्पेनमध्ये त्याच्या समग्र साहित्याची आवृत्ती १९५४ मध्ये निघाली, पण पुरुषावरच्या प्रेमाची सुनीते तिथे खुलेपणाने वाचायला मिळाली ती १९८४ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. २००९ मध्ये आल्फाकारजवळ सरकारी उत्खनन झाले. त्यात कोणाचेही अवशेष सापडले नाहीत.

लोर्काच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९३१ मध्ये त्याने गोळा केलेल्या आणि स्वतः बसवलेल्या दहा जुन्या लोकगीतांच्या तबकड्या मात्र निघाल्या होत्या आणि त्या आजही ऐकता येतात. ला आर्खेन्तिनिता ही नर्तिका-गायिका ती गाते, टाचांचा ठेका धरते, आणि तिच्या मागे पियानोवर लोर्का आहे. लोर्का वाचायला घेण्यापूर्वी या तबकड्या ऐकाव्यात, कारण त्याची आठ अक्षरी ओळ कुठून चालत आली ते तिथे कानांनी कळते.